शिट्टी का बंद झाली?

तुमच्या गिनीपिगने आज सकाळी शिट्टी मारली का? नीट आठवून सांगा. फ्रिजचं दार उघडलं, कोथिंबिरीची पिशवी कुरकुरली की ही मंडळी अख्खी बिल्डिंग डोक्यावर घेतात. ज्या दिवशी पिशवी कुरकुरते आणि पिंजऱ्यातून हूं की चूं येत नाही, त्या दिवशी ऑफिसचा पहिला कॉल पुढे ढकला, बॉस!

कसंय, कुत्रं आजारी पडलं की घरभर कण्हत फिरतं. गिनीपिग पत्ता लागू देत नाही. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजच्या डोंगरांतला, आणि तिथे जो दिसेल त्याचं भक्ष्य. दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे. त्यामुळे 'आज जरा गप्पगप्प वाटतोय' असं आपल्याला जाणवेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असू शकतो.

कान्हे फाट्यावरून आत वळून टाकवे बुद्रुकच्या कंपन्यांत शिफ्ट करणाऱ्यांना हे जास्त लागू. शिफ्ट आणि जाण्यायेण्याचा वेळ धरला की बारा तास घर बंद. गिनीपिगच्या पोटाला मात्र एवढी सुट्टी परवडत नाही. त्याला सतत काहीतरी चघळायला लागतं. खाणं थांबलं की आतडी मंदावतात, गॅस धरतो, मग खावंसंच वाटत नाही. बारा तास तोंडाला काही लावलं नसेल, तर 'उद्या बघू' म्हणायचं नाही. म्हणून निघताना किती गवत ठेवलं ते लक्षात ठेवा आणि आल्यावर बूट काढायच्या आधी पिंजऱ्यात डोकवा. गवत तसंच? लेंड्या कमी, बारीक किंवा ओल्या? हनुवटी भिजलेली असेल तर दातांचं दुखणं असू शकतं, कारण याचे दात जन्मभर वाढतात. शू करताना कुबड काढून ओरडत असेल तर मूतखड्याची शंका घ्या. डोळ्यातून कधीतरी दुधासारखं पाणी येतं, त्याने तो तोंड धुतो, ते नॉर्मल. डोळ्याला किंवा नाकाला खपली धरली, श्वासाचा आवाज यायला लागला, तर नाही.

सगळ्यात सॉलिड उपाय मात्र किचनमधला डिजिटल वजनकाटा. दर रविवारी वजन घ्या आणि मोबाइलमध्ये लिहा. मोठा गिनीपिग साधारण 700 ते 1200 ग्रॅमचा. आठवड्यात 50 ग्रॅम उतरले तर डोळ्यांना काहीच दिसणार नाही, काट्याला दिसेल.

मावळात आणखी दोन भानगडी. एक, पाऊस. ओलसर गवताला बुरशी धरते आणि ती थेट छातीला आणि कातडीला भोवते. दुसरी, भाताचा पेंढा. इंद्रायणी तांदळाचा मुलूख, पेंढा मुबलक. अंथरायला ठीक, पण वाळलेल्या गवताची जागा तो घेत नाही.

आणि 'सी' व्हिटॅमिन! माणसासारखंच गिनीपिगलाही ते शरीरात बनवता येत नाही. 1907 मध्ये नॉर्वेच्या होल्स्ट आणि फ्रोलिख यांनी नुसत्या धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगना स्कर्व्ही झालेला पाहिला, आणि या रोगाचा अभ्यास तिथून मार्गी लागला. आपल्या घरात त्याची सुरुवात कशी दिसते? उड्या बंद, सांधे सुजलेले, हात लावला की किंचाळणं. रोज ढोबळी मिरचीचा तुकडा, थोडी कोथिंबीर द्या. पाण्यात थेंब टाकून फारसा उपयोग नाही, व्हिटॅमिन लवकर उडून जातं.

घरातली उरलेली अँटिबायोटिकची गोळी मात्र अजिबात नको. अमॉक्सिसिलिन पोटातून दिलं तर आतड्यातले चांगले जिवाणू मरतात आणि गिनीपिगही दगावू शकतो.

जनावरांचे सगळेच डॉक्टर गिनीपिग बघत नाहीत. गाई-म्हशींत मुरलेल्या माणसाकडून ती अपेक्षाही चुकीची. पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये कोण बघतं हे आजच फोन करून विचारा, रात्रीचं कोण ते वेगळं विचारा. नेताना पिंजऱ्यातला जोडीदार सोबत घ्या, म्हणजे धास्ती कमी. डब्यात मूठभर गवत टाका. आणि वजनाचा तो रविवारचा हिशेब डॉक्टरांना दाखवा, पहिला प्रश्न तोच येईल.