‘डे झीरो’ म्हणजे कोणाचा दिवस?

उन्हाळा तोंडावर आला कीं, आमच्या सुशिक्षित वर्गाच्या बोलण्यांत ‘डे झीरो’ हा इंग्रजी शब्दप्रयोग हटकून येतो. वृत्तपत्रें तो मथळ्यांत घालतात, वक्ते सभेंत वापरतात. त्याचा अर्थ मात्र कोणी विचारीत नाहीं. तो आम्ही येथें विचारणार आहों.

नुसता शब्दार्थ घेऊं गेल्यास हा प्रयोग कोड्यांत टाकतो. ‘डे वन’ म्हणजे कार्यारंभाचा दिवस. मग ‘डे झीरो’ हा आरंभाच्याही आधींचा दिवस व्हावयास हवा. पण येथें तो अखेरचा दिवस आहे. कारण मोजणी उलटी, दहा-नऊ-आठ अशी शून्याकडे उतरणारी आहे. तें शून्यही मूळचें आमचेंच. अरबींत त्याचें ‘सिफ्र’ असें भाषांतर झालें आणि इटालियनच्या वाटेनें त्याचाच पुढें ‘झीरो’ झाला.

हा प्रयोग गाजला तो दक्षिण आफ्रिकेंतील केप टाउन शहरामुळें. २०१५ पासून तीन वर्षें तेथें अवर्षण पडलें. धरणांतील साठा साडेतेरा टक्क्यांवर आला म्हणजे घरोघरचे नळ बंद करावयाचे, आणि नागरिकांनीं सुमारें दोनशें ठिकाणीं रांगा लावून माणशीं रोज २५ लिटर पाणी न्यावयाचें, अशी तेथील नगरपालिकेची योजना होती. त्या दिवसास ‘डे झीरो’ हें नांव मिळालें. लोकांनीं काटकसर केली, २०१८ सालीं पाऊसही आला आणि तो दिवस टळला.

तेव्हां ‘पाणी संपण्याचा दिवस’ हा या शब्दांचा अर्थ नव्हेच. घरांतला नळ बंद होऊन रांगेंत उभें राहण्याचा दिवस, हा त्यांचा खरा अर्थ. मग ज्याच्या घरीं नळच नाहीं, त्याचा ‘डे झीरो’ कोणत्या तिथीस मांडावयाचा?

याचें उत्तर शोधण्यास आफ्रिकेस जाण्याचें कारण नाहीं. ठाणे जिल्ह्यांतील शहापूर तालुका पुरेसा आहे. तानसा धरण १८९२ सालीं पुरें झालें. अडीच किलोमीटरांहून लांब अशा त्या दगडी बांधामागील पाणी तेव्हांपासून मुंबईस जात आहे. पुढें वैतरणा व भातसा या नद्यांवरही धरणें झालीं, आणि मुंबईच्या पाण्याचा मोठा वांटा या परिसरांतून जाऊं लागला. त्याच तालुक्यांतील कित्येक गांवें व आदिवासी पाडे मात्र उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहतात. पाऊस कमी पडतो म्हणावें, तर तसेंही नाहीं. पाणी तलावांत खालीं, पाडे डोंगरउतारावर, आणि तें वर चढविण्याची पुरेशी सोय झाली नाहीं.

आतां आंकडे पाहा. महानगरांसाठीं माणशीं रोज १५० लिटरांचें मान धरतात. २०१९ सालच्या जलजीवन मिशननें खेड्यांसाठीं ५५ लिटर ठरविले. टंचाईंत टँकरनें पाणी देतांना महाराष्ट्रांत २० लिटरांचा हिशेब असतो. म्हणजे केप टाउनच्या प्रलयदिनीं २५, आणि आमच्या खेड्यांच्या नेहमींच्या वैशाखांत २०!

कोणी म्हणेल, शब्द सदोष असला तरी उपयोगी पडला. त्याच्या धाकानें एका शहरानें पाणी वांचविलें. हें आम्हांस मान्य आहे. पण धाक त्यालाच घालतां येतो, ज्याच्यापाशीं गमावण्यासारखें कांहीं आहे. शिवाय, हा शब्द उच्चारणारा नकळत असें सांगत असतो कीं, संकट अजून यावयाचें आहे. डोक्यावर हंडा घेऊन चाललेल्या बाईस तें आधींच आलेलें आहे. तिच्यापुढें उलटी मोजणी करणें ही क्रूर थट्टा होय.

वृत्तपत्रें पावसाळ्यांत सात तलावांची पातळी निष्ठेनें छापतात. आमची मागणी एवढीच कीं, उन्हाळ्यांत त्याच जागीं शहापूर तालुक्यांत किती पाड्यांना टँकर लागला, हाही आंकडा छापावा. तो ज्या दिवशीं शून्यावर येईल, त्या दिवसास ‘डे झीरो’ म्हणण्यास आमची मुळींच हरकत राहणार नाहीं.