दुर्मिळ रोग आणि बाजाराचे गणित

एचआयव्हीबाधितांना मोफत औषधे देण्याची योजना भारत सरकारने २००४ साली सुरू केली आणि तिने असंख्य प्राण वाचविले. परंतु विषाणू आटोक्यात आला म्हणजे सर्व भागले, असे नव्हे. ‘कॅसलमन रोग’ हे त्याचे उदाहरण होय. यात शरीरातील अनेक लसीकाग्रंथी सुजतात, ताप हटत नाही, रक्त घटते. एचआयव्हीबाधितांत याच्या मुळाशी बहुधा १९९४ साली सापडलेला, हर्पिस कुळातील आठवा विषाणू असतो.

आपल्याकडे अशा गाठी दिसल्या की प्रथम क्षयाचा संशय येतो आणि तो गैरही नाही. मात्र गाठ काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याखेरीज कॅसलमनचे निदान होत नाही. तोवर रोगी क्षयाची औषधे निष्कारण घेत राहतो. उपचाराविना हा रोग प्राणघातक ठरतो. रिटुक्सिमॅब वेळेवर मिळाल्यास बहुतेक रोगी वाचतात.

हे औषध मुळात निघाले ते लसीकाग्रंथींच्या कर्करोगासाठी. मूठभर रोग्यांसाठी बाजार औषध शोधीत नसतो. येथे ते योगायोगाने लाभले. २००७ साली भारतीय कंपनीने त्याची प्रतिकृती आणल्यावर ते स्वस्तही झाले. तथापि गाठीच्या तपासणीची हमी बाजार देणार नाही. ती शासनानेच प्रत्येक जिल्हा रुग्णालयात द्यावी आणि निदान झालेल्यास हे औषध मोफत पुरवावे. रोगी थोडे आहेत, म्हणून बाजार त्यांच्याकडे पाठ फिरवितो. पण रोगी थोडे आहेत, म्हणूनच हा भार शासनाला पेलण्याजोगा आहे.