भिवंडी : जुन्या घराला टाईल्स लावल्या, तरी भाव का वाढत नाही?

भिवंडी : घर विकायचं ठरलं की गावात पहिला फोन जातो रंगाऱ्याला, मग फरशीवाल्याला. कोबा फोडून टाईल्स बसतात, ओट्यावर ग्रॅनाईट येतो, दारात नवा गेट लागतो. साठवलेला पैसा त्यात जातो. गिऱ्हाईक येतं, चहा पितं, घर छान आहे म्हणतं आणि मग एकच विचारतं, "बँक लोन देईल का?" सौदा अडतो तो इथे.

काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोली या पट्ट्यात गोदामं आली आणि जागेला भाव चढला. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोची चर्चा तर प्रत्येक सौद्यात निघते. म्हणजे घेणारा पैसे मोजतो ते मुख्यतः जागेचे. पण गावठाणातल्या घराला बहुतेक वेळा हाताशी कागद असतो तो ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा. ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. त्यातही नाव बऱ्याचदा वारलेल्या आजोबांचंच. असं घर कर्जावर विकलं जाणं अवघड. मग उरतो रोखीवाला, आणि तो भाव पाडूनच मागतो.

२४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका देतात. आपल्या गावची मोजणी कुठवर आली, हे तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात विचारता येतं. पत्रिका हातात पडली की क्षेत्र आणि नावं नीट वाचावीत. वारसांत बहिणी असतील तर त्यांची नावंही आली पाहिजेत. वडिलोपार्जित मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. बहीण आपणहून हक्क सोडत असेल तरी हक्कसोड पत्र नोंदणीकृतच लागतं, नोटरीवर भागत नाही. हा विषय घरात काढायला जड जातो, पण गिऱ्हाईकासमोर निघाला तर जास्त महागात पडतो.

दुसरी चूक वरच्या मजल्याची. भाव वाढेल म्हणून जुन्या भिंतींवर खोल्या चढवतात. तालुक्यातल्या ६० गावांसाठी एमएमआरडीए नियोजन प्राधिकरण आहे, तिथे ग्रामपंचायतीच्या ठरावावर बांधकाम कायदेशीर होत नाही. आणि भार कोण पेलणार? २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाऊंडमधली जिलानी इमारत कोसळून किमान ३८ जण गेले. २९ एप्रिल २०२३ ला वळपाड्यात खाली गोदाम आणि वर राहती घरं असलेली इमारत पडली, ८ जणांचा जीव गेला. तेव्हापासून घेणारे घाबरून आहेत, आणि ते बरोबरच आहे. आता काही जण सोबत इंजिनिअर आणतात. तो हातोडीने स्लॅब ठोकून बघतो, आणि गंजलेल्या सळीवर नुसतं प्लास्टर थापलं असेल तर पोकळ आवाजच सगळं सांगतो.

थोडाच पैसा असेल तर आधी गळती थांबवावी. गच्चीचा उतार, पावसाळी पाईप, सळ्या उघड्या पडल्या असतील तिथे इंजिनिअरच्या सल्ल्याने दुरुस्ती. नंतर वायरिंग आणि संडास-बाथरूम. रंग सगळ्यात शेवटी. रेडीरेकनरच्या मूल्यांकनातही बांधकामाचं वय बघून घसारा वजा होतो. रंग कालचा असला तरी घराचं वय तेच राहतं.

घरपट्टी आणि वीजबिलाच्या पावत्या मात्र एका फाईलीत लावून ठेवाव्यात. गिऱ्हाईक टाईल्सआधी तीच फाईल मागतं.