हिशेब एकाच डिस्कचा धरावा

मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या तपासणीसाठी 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि बीड जिल्ह्यातही मोडी व उर्दू दप्तरांचे गठ्ठे सोडले गेले. अशा दप्तरांचे स्कॅन ज्या सर्व्हरवर ठेवायचे, त्यावर डिस्क मिररिंग, म्हणजे तोच मजकूर एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिण्याची सोय, असावी याबद्दल दुमत नसते. बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी 1988 मध्ये मांडलेल्या ‘रेड’ स्तरांपैकी पहिला तो हाच. घोडे अडते ते यंत्रसामग्रीच्या अंदाजात.

जागेचा हिशेब सोपा आहे. ए-फोर आकाराचे रंगीत पान 300 डीपीआयवर, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, स्कॅन केले तर आकार न घटवता ते सुमारे 26 मेगाबाइट होते आणि लाखभर पानांना 2.6 टेराबाइट लागतात. चार टेराबाइटच्या दोन डिस्क जोडल्या तरी हाती चारच येतात, आणि 1024 च्या पटीत मोजणाऱ्या संगणकावर त्यांचेही 3.64 दिसतात.

वेगाचा हिशेब मात्र फसवा असतो, कारण लिहिणे दोन्ही डिस्कवर होत असले तरी वाचन दोघींत वाटले जाते आणि सारे सुरळीत असेपर्यंत सर्व्हर दुप्पट चपळ भासतो. मिनिटाला 7200 फेरे घेणारी डिस्क सेकंदाला विखुरलेल्या साधारण 75 ते 100 मागण्याच पुरवते. जून-जुलैत जातीच्या दाखल्यांची झुंबड उडून मागण्या दीडशेवर गेल्या आणि नेमकी तेव्हाच एक डिस्क बंद पडली, तर उरलेलीवर सगळे वाचन येते, शिवाय नव्या डिस्कवर प्रत उतरवण्याचे कामही. डिस्क आठ टेराबाइटची असेल तर तिची प्रत सेकंदाला 200 मेगाबाइटच्या वेगाने, दुसरे काहीही न करता, उतरवायला अकरा तास लागतात. म्हणून ऐन गर्दीचा भार एकट्या डिस्कला पेलेल, असाच अंदाज बांधणे रास्त ठरते. दोन डिस्कची बेरीज निविदेत शोभते, कामाला येत नाही.

पाटोदा किंवा शिरूर कासार येथे तेवढ्याच क्षमतेची डिस्क त्याच दिवशी मिळेलच असे नाही, तेव्हा राखीव डिस्क सर्व्हरमध्येच बसवलेली बरी. यूपीएसही त्याच अंदाजपत्रकात हवा, कारण लिहिताना वीज गेली तर दोन प्रतींत तफावत राहू शकते. आणि चुकून पुसलेली फाइल मिररिंगमुळे दोन्हीकडून तत्काळ पुसली जात असल्याने तिसरी प्रत, वेगळ्या यंत्रावर आणि शक्यतो वेगळ्या इमारतीत, ठेवण्याची तरतूदही सुरुवातीलाच करावी लागते.