बाळाचे नाव आणि आईचे नाव

बाळाचे नाव कोणी ठेवायचे, हा प्रश्न धुळ्यातील घरांत सहसा विचारलाच जात नाही. पहिलटकरीण माहेरी आलेली असते, बारशाला पाळणा सजतो, आणि कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा, म्हणजे बाळाच्या वडिलांच्या बहिणीचा. जिने नऊ महिने भार वाहिला तिचा शब्द घेतला तर उत्तम. न घेतला तरी रीत मोडत नाही. पुष्कळदा तर तिचे स्वतःचे नावही तिचे उरलेले नसते. लग्नात पतीने ताटातल्या तांदळांत अंगठीने नवे नाव कोरले की जुने नाव माहेरच्या उंबऱ्यावरच राहते.

या पार्श्वभूमीवर राज्य मंत्रिमंडळाचा मार्च २०२४ मधील निर्णय स्वागतार्ह आहे. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव हा क्रम आला. वेगळ्या रकान्यात बसवलेली आई मुलाच्या नावाशेजारी आली, हे थोडे नव्हे. परंतु त्याच निर्णयाने विवाहित स्त्रीसाठी तिचे नाव, पतीचे नाव व आडनाव ही प्रचलित पद्धत कायम ठेवली आहे. म्हणजे मुलाच्या नावात आई जन्मभर नांदणार आणि मुलीच्या नावात केवळ लग्नापर्यंत! हा अर्धा न्याय झाला.

नावाने माणसाची किंमत कशी ठरते, हे साताऱ्याने दाखवून दिले होते. तेथे ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा परिषदेने 'नकुशी' नावाच्या २५० हून अधिक मुलींचे एकत्रित नामकरण केले. शेजारच्या जळगावात त्याच वर्षीच्या जनगणनेत सहा वर्षांखालील मुलींचे प्रमाण हजार मुलांमागे ९०० हून कमी निघाले. तेव्हा साताऱ्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार खानदेशला नाही.

नाव ठेवण्याची घाई कायद्याला नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार जन्माची नोंद नावाविनाही होते आणि बारा महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येते. अडचण आहे ती आईच्या नावाची. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे, शिधापत्रिकेवर सासरचे; बाळाच्या नावात यांतले कोणते लिहायचे? ग्रामपंचायतीत वा महापालिकेत नोंद करणाऱ्याने हे सासऱ्याला वा पतीला नव्हे, त्या बाईला विचारावे, आणि तसा स्पष्ट आदेश शासनाने काढावा.