चमचाभर ब्रँडी आणि बाटलीवरचे लेबल

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या वहिनींना सातवा महिना लागला होता. बेळगावचा पाऊस एकदा धरला की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. वहिनींना सर्दी होऊन छाती भरली. आजीने फडताळातून ब्रँडीची बाटली काढली, कोमट पाण्यात दोन चमचे घातली आणि म्हणाली, "घे की गं पोरी, काय होत नाही. औषध हाय ते. तुझ्या सासूलाबी मीच दिली होती." वहिनींनी माझ्याकडे पाहिले. मी कॉस्टिंगच्या पुस्तकात तोंड खुपसले. वीस वर्षांच्या मुलाने बायकांच्या गोष्टीत काय बोलायचे? वहिनींनी ती वाटी संपवली.

आज पुतणी ठणठणीत आहे आणि त्या दोन चमच्यांनी काही बिघडले असेल असे मला मुळीच म्हणायचे नाही. परंतु मी गप्प बसलो ही गोष्ट मनातून जाईना, म्हणून वाचायला लागलो. जे वाचले ते आमच्या महाविद्यालयातल्या निम्म्याहून अधिक मुलामुलींना ठाऊक नसावे असे वाटले, म्हणून हा लेख.

आईने घेतलेला मद्यार्क रक्तात उतरतो आणि वारेतून सरळ बाळाच्या रक्तात जातो. वार म्हणजे गाळणी, वाईट ते अडवते, अशी आपली समजूत असते; मद्यार्काच्या बाबतीत ती खरी नाही. थोड्याच वेळात बाळाच्या रक्तातले प्रमाण जवळजवळ आईइतके होते. आईचे यकृत ते विष मोडून टाकते, बाळाचे यकृत अजून कच्चे असते. शिवाय गर्भजलात मद्यार्क रेंगाळतो, म्हणजे आईची नशा उतरली तरी बाळाची सुटका होत नाही. पहिल्या काही आठवड्यांत चेहरा घडत असतो, तेव्हा बाईला आपण गरोदर आहोत हेही पुष्कळदा कळलेले नसते. आणि मेंदू तर नऊही महिने घडत असतो.

१९६८ साली फ्रान्समधल्या नॅंत शहरी पॉल लमवान या डॉक्टरांनी मद्यपी आईबापांच्या १२७ मुलांची पाहणी छापली. भाषा फ्रेंच, जगाने लक्ष दिले नाही. १९७३ मध्ये अमेरिकेत सिॲटल येथे केनेथ जोन्स, डेव्हिड स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच लक्षणे पुन्हा मांडली आणि या विकाराला नाव मिळाले. मूल खुरटलेले, डोळ्यांच्या फटी लहान, वरचा ओठ पातळ, नाकाखालची पन्हळ सपाट. पण चेहऱ्यावर काहीही न दिसणारी मुले त्याहून अधिक असतात. त्यांचे लक्ष टिकत नाही, सांगितलेले राहत नाही, आणि गणितात ती विशेष अडतात. शाळेत अशा मुलाला मठ्ठ म्हणतात, घरी उनाड. हे नुकसान जन्मभराचे असते. औषधाने ते भरून येत नाही. वेळीच ओळखून नीट शिकवले तर आयुष्य पुष्कळ सुसह्य होते, इतकेच.

आजीला हसण्याचे मात्र कारण नाही. १९६०-७० च्या दशकांत अमेरिकेतल्या इस्पितळांत अकाली कळा थांबवण्यासाठी डॉक्टर स्वतः बाईच्या शिरेतून मद्यार्क सोडत असत! शहाणी माणसेही चुकत होती. पुढे ज्ञान वाढले आणि त्यांनी ते सोडले. ज्ञान आमच्या फडताळापर्यंत पोचले नाही, हा आजीचा दोष कसा?

आता कॉमर्सच्या विद्यार्थ्याचे थोडे गणित. "बिअर म्हणजे काही दारू नव्हे" असे सांगणारे मित्र आपल्या सर्वांनाच असतात. आठ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटर स्ट्राँग बिअरमध्ये ५२ मिलिलिटर मद्यार्क भरतो. ४२.८ टक्क्यांच्या ब्रँडीचा ३० मिलिलिटरचा पेग घेतला तर त्यात सुमारे १३. भाग लावून पाहा: बिअरची एक बाटली म्हणजे चार पेग. बाळाला बाटलीचा आकार कळत नाही, रंगही कळत नाही. किती घेतले तर चालते, या प्रश्नाला डॉक्टरांचे उत्तर असे की सुरक्षित प्रमाण कोणालाही सापडलेले नाही. म्हणजे प्रत्येक घोटाने अपाय होतोच असे नव्हे. परंतु जिथे रेषा दिसत नाही तिथे पाऊल टाकू नये.

मग मी आमच्या बाटलीचे लेबल वाचले. १ एप्रिल २०१९ पासून आपल्या देशात प्रत्येक बाटलीवर इशारा सक्तीचा आहे: मद्यपान आरोग्याला घातक आहे, पिऊन गाडी चालवू नका. चांगला इशारा आहे. पण माझ्या आजीने जन्मात कधी स्टिअरिंग हाती धरलेले नाही! पोटातल्या बाळाविषयी त्यात एक अक्षरही नाही. अमेरिकेने १९८८ च्या कायद्याने गरोदर स्त्रियांसाठीचा इशारा बाटलीवर आणला, फ्रान्सने २००७ मध्ये, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडने २०२३ मध्ये. आपण का आणू नये? दारूवरच्या करातून सरकारच्या तिजोरीत मोठी रक्कम येते. त्या उत्पन्नाच्या बदल्यात एक ओळ छापायला सांगणे ही काही फार मोठी मागणी नव्हे. नुसत्या लेबलाने पिणे थांबत नाही, हे आक्षेपक म्हणतील आणि ते खरेही आहे. पण माझ्या आजीसारखी जी माणसे प्यायला नव्हे, औषध म्हणून देतात, त्यांच्यासाठी एक ओळ पुरेशी असते.

या विषयावर लिहिताना एक भीती वाटते. वाचून कोणी लगेच बाईकडे बोट दाखवील. दक्षिण आफ्रिकेत केपच्या द्राक्षमळ्यांवर मजुरांच्या पगाराचा काही भाग वाइनच्या रूपाने देण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या होती. कायद्याने बंद झाल्यावरही ती रेंगाळली, आणि त्याच भागात अशी मुले जगात सर्वांत अधिक आढळलेल्या ठिकाणांपैकी काही आहेत. तिथे दोष त्या आईचा की पगारपत्रक लिहिणाऱ्याचा? दिवसभर पाट्या वाहून अंग मोडलेली बाई संध्याकाळी नवऱ्याच्या पाकिटातला घोट घेते, तिला लाज वाटायला लावून काय साधणार? ती दवाखान्यात खरे सांगणार नाही, एवढेच. कोणत्याही महिन्यात सोडले तरी बाळाचा फायदा आहे हे तिला कोणीतरी आपुलकीने सांगितले पाहिजे. आणि रोज भरपूर पिण्याची सवय जडली असेल तर एकदम बंद न करता डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडले पाहिजे. त्या घरात नवऱ्याने आधी बाटली ठेवावी हे तर आलेच.

हे सारे मी शेवटी आजीला सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एवढं मोठं हाय तर त्या बाटलीवर लिवायला नको होय? मला काय स्वप्न पडतंय?" मी म्हटले, इशारा आहे, पण दुसराच, आणि तोही इंग्रजीत. "मग ते कुणासाठी लिवलंय?" असे तिने विचारले.

राज्याची इच्छा असेल तर हा इशारा स्थानिक भाषेत छापण्याची मुभा नियमातच आहे. मी एक ओळ करून पाहिली: 'गरोदरपणी दारू घेऊ नये, पोटातल्या बाळाला इजा होते.' आठ शब्द. कन्नड विभागातल्या माझ्या मित्राने तीच पाच शब्दांत बसवली. ब्रँडीची ती बाटली आता आजोबांच्या गुडघ्यांना चोळायला काढतात. तिच्या पाठीमागच्या लेबलावर दोन्ही ओळींना पुरेल एवढी जागा कोरी आहे.