मात्रा तीव्र की सौम्य?
रक्तकर्करोगात दात्याच्या मूळपेशी देण्यापूर्वी रुग्णावर पूर्वतयारीचे उपचार करतात. उरलेल्या कर्करोगपेशी नष्ट व्हाव्यात आणि शरीराने दात्याच्या पेशी नाकारू नयेत, हा त्यांचा हेतू. बुसल्फान, सायक्लोफॉस्फमाइड यांसारखी औषधे वा सर्वांगाला किरणोपचार तीव्र मात्रेत दिल्यास रोग उलटण्याचा संभव घटतो. परंतु यकृत, फुप्फुसे यांना इजेचा धोका वाढतो. सौम्य मात्रा वयस्क व दुर्बल रुग्णांना सोसवते. तेथे पुष्कळसे कार्य दात्याच्या पेशींवर सोपविलेले असते, म्हणून रोग उलटण्याची भीती अधिक. तेव्हा ‘सर्वांत जालीम औषध द्या’ असा आग्रह कुटुंबीयांनी धरू नये. हृदयाचे, मूत्रपिंडाचे पूर्वीचे आजार डॉक्टरांपासून लपवू नयेत. रुग्ण तरुण असल्यास संकोच न करता अपत्यप्राप्तीची क्षमता जपण्याविषयी आधीच विचारावे. नंतर ती संधी बहुधा उरत नाही.